गुन्हा आधी की जमात आधी? विमुक्त जमाती, पोलीस आणि फौजदारी कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी कुठे जाते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात विचारा. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं : माळावरच्या पालांकडे. का, असं विचारलं की लोक थोडे गोंधळतात आणि मग खाली दिलेल्या प्रश्नांपैकी एखादा प्रश्न उलट आपल्यालाच विचारतात. हे प्रश्न वकील, पत्रकारितेचे विद्यार्थी, शिक्षक आणि खुद्द विमुक्त, म्हणजे इंग्रजांनी एके काळी कायद्याने 'गुन्हेगार' ठरवलेल्या, समाजातली तरुण मुलं, सगळेच विचारतात. काहींचं उत्तर दोन ओळींत होतं, काहींना वेळ लागतो.

'गुन्हेगार जमात' हा खरंच कायद्यातला शब्द होता, की नुसती बोलण्यातली शिवी?

कायद्यातला. १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' मंजूर केला. आधी तो उत्तरेतल्या वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्यात आले आणि १९२४ मध्ये सगळं एकत्र करून तो पुन्हा लिहिला गेला.

तो चालायचा कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. अमुक टोळी, जमात किंवा वर्ग बिनजामिनी गुन्हे करायला सरावलेला आहे, असं प्रांतिक सरकारला वाटलं की तशी अधिसूचना निघे. मग त्या लोकांची नोंदवही तयार होई. नाव वहीत चढलं की ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, हद्द सोडायची तर पास घ्यायचा. पासाशिवाय सापडला तर वॉरंटाशिवाय अटक. पुढे बोटांचे ठसेही आले. या सगळ्यासाठी त्या माणसाने काही केलेलं असण्याची गरज नव्हती. आणि ही अधिसूचना चूक आहे म्हणून कोर्टात जायचीही सोय नव्हती, ती दारं कायद्यानेच बंद केली होती. म्हणजे आरोप सरकारचा, पुरावा सरकारचं मत आणि अपील कुठेच नाही.

याच १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांची नोंदवही ठेवण्याबद्दल होता. तो बहुतेकांना ठाऊक नसतो.

पण सरकारला हे सुचलं कुठून? काहीतरी कारण असेलच ना?

कारण होतं, पण लोक समजतात ते नव्हे. जात म्हणजे पिढीजात धंदा, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी पक्कं डोक्यात घेतलं होतं. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा साधा हिशेब. दुसरं कारण महसुलाचं आणि बंदोबस्ताचं. एका जागी राहणाऱ्या माणसाची मोजणी होते, त्याच्याकडून सारा घेता येतो. जो आज इथे आणि पुढच्या महिन्यात चाळीस कोसांवर, त्याचं काय करायचं?

आणि ही माणसं रिकामी फिरत नव्हती. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहायचे, दख्खनेतल्या फौजांना रसद पोचवायचे. आगगाडी आली आणि त्यांचा धंदा बसला. रामोशी हे तर गावाचे राखणदार. रात्री गाव झोपायचं ते त्यांच्या भरवशावर. इंग्रजी अमलात त्यांची वतनं आणि हक्क गेले, उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे रामोशांचं नाव याच यादीत आलं. पारध्यांचं जंगलावर पोट होतं. १८७८ च्या जंगल कायद्याने जंगल सरकारचं झालं आणि काल ज्याला शिकार म्हणत, ते आज अपराध ठरलं.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. सगळं खापर साहेबावर फोडणं आपल्याला फार सोयीचं पडतं. नोंदवहीत नावं भरायला साहेब वस्तीवर फिरत नव्हता. 'हा माणूस कसा आहे' हे त्याला गावातले वजनदार लोकच सांगत. आपली भाषाही यात मागे नाही. 'भामटा' हे एका जमातीचं नाव आहे, राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. आपण तो शब्द कशासाठी वापरतो?

सेटलमेंट म्हणजे काय होतं?

तारेच्या कुंपणातली वस्ती. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. कुटुंबंच्या कुटुंबं आत आणून ठेवली जात, हजेरी होई, बाहेर जायला पास लागे. सरकारी भाषेत याला सुधारणा म्हणत. मुलांना शाळा होती, हेही खरं. पण १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता, त्यामुळे 'शाळा' या शब्दाकडे जरा जपून पाहावं.

सोलापूरच्या सेटलमेंटमधले लोक तिथल्या कापड गिरण्यांत कामाला जात. जो मजूर गाव सोडून जाऊ शकत नाही, संध्याकाळी हजेरीला परत यावंच लागतं, तो मालकाला किती परवडतो, हे वेगळं सांगायला नको. सोलापुरात तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. रिक्षावाल्याला सांगा, तो नेऊन सोडेल.

कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मग अजून काय शिल्लक आहे?

कायदा गेला, वही राहिली. एका वाक्यात उत्तर हवं असेल तर हे.

जरा सविस्तर. १९३७ मध्ये मुंबई प्रांताने क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी समिती नेमली होती. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार समितीने तो रद्द करायला सांगितलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. काही वस्त्यांवर झेंडावंदनही याच दिवशी करतात, कारण देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं ते नोंदवहीतच होते.

पण राज्यांनी लगोलग 'सराईत गुन्हेगार' कायदे आणले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. कागदावर दोन्हींत मोठा फरक आहे : जुन्या कायद्यात जमात, नव्यात व्यक्ती. नव्या कायद्यात माणूस सराईत ठरायला पुन्हापुन्हा शिक्षा झालेली असावी लागते. पण ठाण्यात आणि बातमीत 'सराईत' हा शब्द ज्याच्यावर चार गुन्हे नुसते दाखल आहेत त्यालाही सर्रास चिकटतो. दाखल होणं आणि शिक्षा होणं यातलं अंतर त्या एका शब्दात गिळलं जातं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये हे कायदे रद्द करा, असं सांगितलं होतं.

शिवाय बाकीचा साठा आहेच. चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेणारं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेत १२९. तडीपारी. सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत सापडणं हाच गुन्हा ठरवणारं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२. आता विचार करा, ज्याला घरच नाही, तो सूर्यास्तानंतर कुठे सापडणार? १९५९ चा मुंबईचा भीकप्रतिबंधक कायदा घ्या. त्यात भिकेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की रस्त्यावर गाणं, नाच, कसरत दाखवून पैसे मागणंही तीत बसतं. डोंबारी, नंदीबैलवाले, बहुरूपी यांची कला त्यात भीक झाली. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. वन्यजीव वाचायला हवेत, याबद्दल वाद नाही. पण तित्तर-लाव्यांवर जगणाऱ्या पारध्याला दुसरं काय काम देणार, याचं उत्तर त्या कायद्यात कुठे नव्हतं.

विमुक्त, भटके, आदिवासी हे सगळे एकच ना?

नाही. विमुक्त म्हणजे १९५२ मध्ये त्या यादीतून सुटलेले. भटके म्हणजे फिरस्ते, त्यांतले सगळे यादीत नव्हते. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत बेरड, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, रामोशी, वडार, छप्परबंद अशा चौदा जमाती आहेत, आणि त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. पारध्यांचं तर तुकडे तुकडे झालेत : फासेपारधी अनुसूचित जमातीत, पाल पारधी आणि राजपारधी विमुक्त जातीत. पोलीस पकडताना हा फरक करत नाहीत, दाखला मागताना मात्र तहसील कार्यालय करतं.

'इंडिजिनस' या जागतिक शब्दात हे बसतात का, यावर भारत सरकार नेहमी अंतर राखून असतं. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण सगळेच भारतीय मूलनिवासी आहेत अशी भूमिका घेऊन. सगळेच मूलनिवासी म्हटलं की कोणाचंच वेगळं काही देणं लागत नाही.

पण आग असल्याशिवाय धूर निघतो का? पोलिसांच्या रेकॉर्डवर याच लोकांची नावं जास्त आहेत.

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि तो विचारणारे बरेचदा चांगले लोक असतात. म्हणून सावकाश उत्तर देतो.

समजा एका गावात दहा आळ्या आहेत. पोलीस रोज रात्री फक्त दहाव्या आळीची झडती घेतात. वर्षाच्या शेवटी सापडलेली गावठी दारू, चोरलेला मोबाइल, परवाना नसलेलं हत्यार यांची यादी काढली, तर सगळा मुद्देमाल दहाव्या आळीतलाच निघेल. इतर नऊ आळ्यांत काय होतं? ठाऊक नाही, कारण तिथे कोणी पाहिलंच नाही. अटकेचा आकडा हा पोलीस कुठे गेले याचा आकडा असतो. गुन्हा कुठे झाला हे त्यातून कळेलच, असं नाही.

मग हा आकडा पुढच्या वर्षी पुन्हा वापरला जातो. ज्याच्या नावावर चार नोंदी, त्याला पाचव्या चोरीत आधी उचलतात. म्हणजे पाचवी नोंद. त्याचा भाऊ 'रेकॉर्डवरच्या गुन्हेगाराचा भाऊ' होतो. मुलगा मोठा झाला की तो 'गुन्हेगारी पार्श्वभूमीचा'. १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने कोणती जमात कशी चोरी करते याची एक आख्खी मार्गदर्शिका लिहिली होती. वेश, बोली, हत्यार, फिरण्याच्या वाटा, सगळं जमातवार. ज्याला असं पुस्तक वाचून शिकवलं जातं, तो घरफोडी पाहिल्यावर ती कोणी केली हे शोधत नाही, ती कोणत्या जमातीची आहे हे शोधतो.

आणखी एक. 'याच लोकांची नावं जास्त' हे कोणत्या आकड्यांवरून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालात कैद्यांची वर्गवारी अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि इतर अशी असते. विमुक्तांसाठी वेगळा रकानाच नाही. त्यामुळे छातीठोकपणे सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीमागे देशपातळीवरची मोजणी नसते, ऐकीव असतं. गंमत अशी की, त्याच कारणाने विमुक्तांवरचा अन्यायही आकड्यांत दाखवता येत नाही.

मग या समाजांत चोर नाहीतच का? आहेत की. भूक आहे, जमीन नाही, शाळा अर्ध्यावर सुटते, काम द्यायला कोणी तयार नाही. काही जण चोऱ्या करतात, काही दारू गाळतात. कर्ज बुडवून परदेशात पळालेल्या उद्योगपतींच्याही जाती असतात. त्या जातींच्या वस्त्यांवर पहाटे चारला कोम्बिंग ऑपरेशन झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

'दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद' ही बातमी वाचताना काय पाहावं?

ही बातमी तुम्ही शंभरदा वाचली असेल. रात्रीची वेळ, निर्जन जागा, 'गोपनीय बातमीदाराकडून खात्रीलायक माहिती', आणि पाच जणांकडे सापडलेली मिरचीची पूड, दोरी, कटावणी, एखादा सुरा. दोघे अंधाराचा फायदा घेऊन पसार. सामानाची यादीसुद्धा बदलत नाही.

पाचचा आकडा बघा. दरोड्याला कायद्याने किमान पाच माणसं लागतात, आणि दरोड्याची नुसती तयारीही न्याय संहितेच्या कलम ३१० खाली मोठा गुन्हा आहे. म्हणजे हा असा गुन्हा, की ज्यात कोणाचं काही गेलेलं नसतं, फिर्यादी बरेचदा पोलीसच असतात आणि साक्षीदारही पोलीस. प्रत्येक बातमी खोटी असते असं मी म्हणत नाही. काही प्रश्न मात्र विचारावेत. पंच कोण होते? ते त्याच भागातले होते, की दर पंचनाम्यावर सही करणारे ठाण्याजवळचे टपरीवाले? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, ते झालं का? पकडलेल्यांना प्रत्यक्षात कधी आणि कुठून उचललं, हे त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं का? आणि दोन वर्षांनी ते सुटले तर ती बातमी छापून आली का?

बातमीदारांना एक विनंती. आरोपीची जमात मथळ्यात लिहिण्याआधी, दुसऱ्या एखाद्या जातीच्या आरोपीबद्दल तुम्ही तसंच लिहिलं असतं का, एवढं स्वतःला विचारा.

शेवटी कोर्ट आहेच ना? खरं-खोटं तिथे होतंच.

होतं. पण कधी होतं ते पाहा.

२००३ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून, बलात्कार, लूट. अत्यंत निर्घृण गुन्हा. भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. पुढे त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं निघालं. फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

नेमकं काय चुकलं होतं? हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडचे फोटो पाहून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांचा पाठपुरावा झालाच नाही. हे सहा जण गरीब, भटक्या जमातीतले, त्यांना यात गोवण्यात आलं, असं न्यायालयाने म्हटलं. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश झाला. तोवर सोळा वर्षं गेली होती. आणि ज्या कुटुंबातले पाच जीव गेले, त्यांना तरी काय मिळालं? ज्यांनी मारलं ते मोकळेच राहिले. चुकीच्या माणसाला पकडणं ही फक्त त्या माणसावरची आपत्ती नसते, हे या खटल्याइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल.

तीन न्यायालयं, चार निकाल, आणि तोच पुरावा. संशय आधीच पक्का असला की पुरावा त्याच्या मापाने वाचला जातो, अगदी वरपर्यंत.

कोठडीतल्या मृत्यूंचं काय?

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेरिया सबर जमातीतला तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. आत्महत्या, असं पोलिसांनी सांगितलं. बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि तिथल्या सबर समितीने प्रकरण लावून धरलं, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला नुकसानभरपाई आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर कृती गट उभा केला. अहमदाबादच्या छारानगरमधल्या मुलांनी बुधनच्या नावाने नाटक मंडळी काढली, ती अजून नाटकं करते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे कोठडीत मरण पावलेल्या ९९ आदिवासींची चौकशी करायला रॉयल कमिशन बसलं. १९९१ मध्ये त्याने ३३९ शिफारशी केल्या. त्यातला एक निष्कर्ष लोकांना चमत्कारिक वाटला. कोठडीत गेल्यानंतर आदिवासी माणूस इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मरत नव्हता. मुळात तो कोठडीतच फार जास्त प्रमाणात जात होता. म्हणजे प्रश्न कोठडीच्या दारातच होता. तिथल्या लोकसंख्येत आदिवासी चार टक्क्यांच्या आसपास, आणि तुरुंगात साधारण एक तृतीयांश. ३३९ शिफारशींनंतरही.

२०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काय बदललं?

पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर बातम्या केल्या आणि त्यावरूनच याचिका दाखल केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तुरुंग नियमावल्यांमधल्या जातीवरून काम आणि बराकी ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातीचा आहे म्हणून कोणाला 'सराईत' मानता येणार नाही, नियमावलीतला 'सराईत' हा शब्द राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वापरायचा, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायचा, आणि विमुक्तांची मनमानी अटक होणार नाही हे पोलिसांनी पाहायचं, असं निकालात आहे. त्याआधी मे महिन्यात दिल्लीच्या अमानतुल्ला खान प्रकरणातही न्यायालयाने सांगितलं होतं, की मागास समाजातला आहे एवढ्यावरून निरपराध माणसाचं नाव पोलिसांच्या हिस्ट्री शीटमध्ये, म्हणजे पाळत ठेवायच्या माणसांच्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवू नका.

हे मोठं आहे. ठाण्यातल्या हवालदारापर्यंत किती पोचलं, ते वस्तीवर जाऊनच कळेल. निकालाची मराठी प्रत खिशात घेऊन फिरणारे एकदोन कार्यकर्ते मला माहीत आहेत. ती दाखवली की निदान आवाज खाली येतो, असं ते सांगतात.

रात्री पालावर पोलीस आले तर काय करायचं?

वाद घालू नका, पळू नका. पळालात की 'पसार' लिहितात. अटकेचं कारण विचारा. घरच्या एकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८), वैद्यकीय तपासणी होते (५३), चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं (५८). मारहाण झाली असेल तर डॉक्टर आणि दंडाधिकारी दोघांनाही तिथल्या तिथे सांगा, नंतर सांगितलेलं कमी धरतात. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर कारण असाधारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही. पण 'मी दाखवतो' म्हणून काढून दिलेली वस्तू आणि तेवढ्यापुरतं बोलणं पुरावा होऊ शकतं, म्हणून तो निवेदन पंचनामा जपून. सही मराठीत करा किंवा अंगठा द्या, पण कोऱ्या कागदावर नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

ॲट्रॉसिटी कायदा लावता येतो का?

फासेपारधी, म्हणजे अनुसूचित जमातीत असाल तर होय. त्या कायद्यात खोटी, त्रास देणारी फौजदारी कारवाई करणं हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत असाल तर नाही. एकाच पालात राहणाऱ्या दोन मावसभावांना दोन उत्तरं मिळतात.

समाजाच्या आत काय चालतं, त्यावर का बोलत नाही? जातपंचायती?

बोलायलाच हवं. काही जातपंचायतींनी दंड आकारलेत, कुटुंबं वाळीत टाकलीत, बायकांना अघोरी दिव्यं करायला लावलीत. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनीच २०१८ च्या सुमारास कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला, मार खाल्ला, तरी मागे हटले नाहीत. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, तो वापरावा.

फक्त एक लक्षात घ्या. ज्याला दोनशे वर्षं ठाण्यात न्याय मिळाला नाही, तो आपापसातला तंटा घेऊन पंचांकडे जाणारच. पंचायत नको असेल, तर त्या बाईला ठाण्यात फिर्याद द्यायला जाताना आपल्यालाच आत टाकतील अशी भीती वाटता कामा नये. आज वाटते.

जामीन तर मिळतोच. मग लोक वर्षानुवर्षं आत का राहतात?

जामिनाचा हुकूम होतो, जामीनदार मिळत नाही. सात-बारा असलेला, कर भरणारा, कायम पत्ता असलेला माणूस पालातल्या कोणाच्या ओळखीचा असतो? न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७८ च्या मोतीराम खटल्यातच सांगितलं होतं, की गरिबाला परवडणार नाही असा जामीन मागू नका, दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारूही नका. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चारांपैकी तीन कैदी कच्चेच होते, म्हणजे खटला संपायचा होता.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने एक चांगली सोय केली : आधी कधीच शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायचं. इतरांना निम्मा काळ. पण त्याच कलमात एक अट आहे. एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचे तपास किंवा खटले चालू असतील तर ही सवलत नाही. आता त्या दहाव्या आळीतल्या माणसाकडे परत चला. त्याच्या नावावर चार नोंदी आहेत, एकीतही शिक्षा नाही, आणि चारही अजून चालू आहेत.